पाटीवरची चूक

पेंटरनं पाटीवर लिहिलं, 'अनपट विंडिंग वर्क्स'.
काना गाळला, वेलांटी दिली.
दुरुस्तीचे दोनशे मागत होता.
हे म्हणाले, राहू दे,
जळकी मोटर घेऊन येणारा माणूस
पाटी वाचत नाही, वास घेतो.

खरंच. जळक्या वार्निशचा वास
पोवई नाक्यापासून गिऱ्हाईक ओढत आणतो.

मी तार भरते. बावीस गेज,
एकेका खाचेत चौऱ्याहत्तर वेढे.
साठाच्या पुढे मला कुणी हाक मारायची नाही.
सासूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा
मी अडुसष्टावर होते.
सहा भरले, गाठ मारली, मग उठले.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आता रेवती नववीत. वहीत चार अक्षरं दाखवते,
डब्ल्यू, आय, एन, डी.
"विंड म्हटलं की वारा.
वाइंड म्हटलं की गुंडाळणं.
स्पेलिंग तेच."
म्हटलं, म्हणजे पेंटर चुकलाच नव्हता.
हसली नाही. तिला परीक्षा आहे.
पुढे वाचत गेली:
घड्याळाला किल्ली देणं, तेच.
रस्त्यानं वळत वळत जाणं, तेच.
धंदा बंद करणं, तेही, फक्त मागे 'अप'.

हे शेवटचं आपल्यातही आहे की.
गाशा गुंडाळतात. मीटिंग गुंडाळतात.
लाज तर डोक्याला गुंडाळून
चांगली माणसं बाजारातून फिरतात.

"आणि वारा?"

वारा आपल्याकडे सुटतो, पडतो,
कानात शिरतो, वासरू तो पितं,
माणसाला त्याच्यावर सोडून देतात.
गुंडाळलेला नाही ऐकला बाई.

रविवारी चाळकेवाडीला गेलो,
एका गाडीवर तिघं,
ठोसेघरच्या पुढं वर वर, वळणाला वळण.
पठारभर पवनचक्क्या.
एवढं वारं, की रेवतीची ओढणी
चाकात जाईल म्हणून
मी ती मनगटाला गुंडाळून बसले.
किती वेढे, ते सवयीनं मोजले. पाच.

यांनी वर बोट केलं.
"त्या डोक्यात जनरेटर असतो.
आत आपलीच तांब्याची तार."
मी मान दुखेपर्यंत बघत राहिले.
कुणी भरली असेल?
आणि कितव्या वेढ्याला
त्याला कुणी हाक मारली असेल?

एक चक्की बंद होती.
शेजारच्या सगळ्या फिरत होत्या
आणि ही, लग्नात रुसून बसलेल्या मावशीसारखी.
"हिचं जळलंय का गं?" रेवतीनं विचारलं.

मी डोळे मिटून नाकानं हवा ओढली.

नुसत्या गवताचा वास होता.