झेंड्याची खोळ

सकाळी साडेसहालाच सर्वेश फोन घेऊन आला,
म्हणाला, आजो, मोजणी सुरू झाली.
पुष्पीआत्याची नीलाक्षी उभी आहे ना तिकडे,
लेफ्टनंट गव्हर्नरला.

मी चहात पाव बुडवत होतो.
उभी? म्हटलं. त्या पदाला उभं राहतात?
आमच्याकडे ते विमानातून उतरायचे.
दिल्लीहून आधी कागद यायचा, मागून माणूस,
आणि दाबोळीला मी गाडी लावून.
उभा असायचा तो ड्रायव्हर.

सोळा वर्षं काबोच्या बंगल्यावर
एकच पांढरी अँबेसेडर.
साहेब बदलले की सीटवरचा टॉवेल बदलायचा,
क्लचवर पाय माझाच.
साहेब आत बसले की बॉनेटवरचा झेंडा उघडा करायचा,
साहेब उतरले की झेंड्याला खोळ.
राज्यकारभारातलं मला एवढंच कळतं.

सर्वेश समजावत राहिला.
त्या राज्यात गव्हर्नरचं मत वेगळं, हिचं वेगळं,
कधीकधी दोघं दोन पक्षांची निघतात.
एका गाडीला दोन ड्रायव्हर?
नाही आजो, चालवतो एकच. ही बाजूला बसणार.
त्याला काही झालं, तर...
तर?
तर ही.
म्हणजे स्टेपनी, मी म्हणालो, आणि सर्वेश हसला.
मला मात्र लागलं ते माझंच बोलणं.
स्टेपनीची हवा मी दर सोमवारी बघायचो,
चार चाकांच्या आधी.

बाहेर आवाठाच्या तोंडाशी
नरकासुराचा जळका सांगाडा अजून तसाच,
तारा, बांबू, एक पुठ्ठ्याचा कान.
कुणी उचलायचा यावर पंचायतीत दोन गट आहेत.

पुष्पीला मी एकदाच त्या गाडीत बसवलं होतं.
फोंड्याहून परतीची रिकामी फेरी, फर्मागुडीचा चढ,
फ्रॉकच्या ओच्यात बोरं.
मामा, खोळ काढ ना रे, म्हणाली,
कोण बघतंय?
नाही काढली. नोकरी गेली असती.
चढ संपेपर्यंत ती बोलली नाही,
बोरं तेवढी खात राहिली, बिया काचेबाहेर.

मग सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात आमचं राज्य झालं.
सकाळी पेंटर आला, बोर्डावरचा 'लेफ्टनंट' तेवढा
पत्रीने खरवडून गेला.
साहेब तेच, गाडी तीच, मीही तोच.
फक्त खोळ नवी आली, जुनी मला मिळाली.
आत मी चष्मा ठेवतो.

आठ वाजता ती पुढे होती.
फोटोत मक्याच्या शेतात उभी, दंडापर्यंत बाह्या सारून,
हनुवटी पुष्पीची.
नऊला मागे. साडेनऊला पुन्हा पुढे,
तेव्हा शेजारची रुक्मी फेणी आण म्हणाली आणि आपणच घेऊन आली.
अकराला सर्वेश काही न बोलता फोन पुसू लागला.

किती? मी विचारलं.
तीन हजार एकशे बारा.
लाखांतून, आजो. काहीच नाही हे.
काहीच नाही कसं?
मी खोळीतून चष्मा काढला, आकडा स्वतः वाचला.
आपला गाव, वरचा वाडा, देवळामागची घरं,
दुबईला गेलेले आणि यादीतून न काढलेले मेलेले,
सगळे धरले तर एवढेच भरतो आपण.
एका गावाने पडली पोर.
आणि गाव इकडे.

दुपारी पुष्पीचा फोन आला, तिकडे मध्यरात्र उलटलेली.
रडेल वाटलं होतं.
मामा, ती विचारते आहे, म्हणाली,
ती खोळ कसल्या रंगाची होती?

मी हातातली उलटीपालटी करून पाहिली.
कधीकाळी खाकी असावी.
शिवणीत आत, बोट घातलं तर,
अजून थोडी आहे.