कानामात्रेविना

त्सफातच्या उतारावर, कबरस्तानाच्या वाटेला
माझं दुकान. छिन्नी, हातोडी, निळ्या रंगाचा डबा.
अक्षरागणिक पैसे घेतो.
अर्थाचे वेगळे नाहीत.

हिवाळ्यात यित्झाक दिवेवाला गेला.
यित्झाक म्हणजे ‘तो हसेल’.
एकाहत्तर वर्षं गल्लीनं वाट पाहिली.
दगडावरही भविष्यकाळच कोरला;
व्याकरण बदलायचा अधिकार माझ्याकडे नाही.

नोमी म्हणजे गोड.
पोथीतली नोमी दोन मुलगे परदेशी पुरून आली
आणि वेशीवर बायकांना म्हणाली,
मला आता मारा म्हणा, कडू म्हणा.
कोणी म्हटलं नाही. पोथीसुद्धा
पुढच्याच ओळीत तिला नोमी म्हणून मोकळी.
तिच्या मुलांची नावं मात्र: महलोन, किल्योन.
आजार आणि क्षय.
कुठली आई पाळण्यात अशी नावं घालते?
मला वाटतं, ती मागाहून ठेवली असावीत,
शेवट ठाऊक असलेल्या कुणीतरी.

मीही तसाच.
माझ्याकडे नाव येतं तेव्हा
माणूस संपलेला असतो.

काल एल्याकीम आणि तिर्झा आली.
मूल पाच दिवसांचं. नाव आठव्या दिवशी ठेवतात.
आठवा दिवस आलाच नाही.
तरी नाव हवं, रीतच आहे;
कधी हाक आलीच, तर ओ देता यायला हवी.
मी म्हटलं, मेनाखेम ठेवा, सांत्वन करणारा.
बरेचजण तेच ठेवतात.
तिर्झा म्हणाली, एवढ्याशा जिवाला
एवढं काम सांगू नका.

बराच वेळ ती दगडाची धूळ बोटानं पुसत राहिली.
मग म्हणाली, शाऊल.
मागून घेतलेला.

मी गप्प झालो. दगडावर आम्ही
कानामात्रा कोरत नाही, नुसती अक्षरं.
आणि त्याच चार अक्षरांचं
शेओल होतं. पाताळ.
वाचणाऱ्याची जीभ जिकडे वळेल तिकडे.

तिलाही ते ठाऊक होतं.
टिंबं कोरा, म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यात बारीक छिन्नी काढली.
शीनखाली आडवी रेघ, तिला इवलं शेपूट.
टिंब वावच्या पोटात.
तेच डोक्यावर गेलं असतं तर
पोर पाताळात.
एल्याकीम दाराकडे तोंड करून उभा होता.
ती मात्र माझ्या हातावरून नजर हलवेना.

चार अक्षरांचे पैसे घेतले.
दरपत्रकात टिंब नाही.