घर ओढायच्या आधी

बैल मिळालेत, एलिएसेर म्हणाला, सहा जोड्या.
माणसंही येतील, चिलोएत अशा कामाला कोणी नाही म्हणत नाही.
पण घर जड आहे, नोल्फा.
कमी कर.

भिंती नव्हेत. लाकडी भिंती वाळून
हलक्या झाल्यात, माझ्यासारख्या नाहीत.
आत जे आहे ते.

तर चोवीस ताटल्या बाहेर आल्या,
सासूच्या, निळ्या काठाच्या.
चोवीस माणसं त्यांत कधी जेवली नाहीत.
लोकरीची पोती. तीन इस्त्र्या, त्यातली एक चालणारी.
मुलाची भूमितीची वही,
आतलं अक्षर माझं.
नवऱ्याचे रबरी बूट.
मेंढ्या कातरायला दक्षिणेला जायचा,
आधी चार महिने, मग आठ,
मग येईनासाच झाला. भांडण नाही, काही नाही.
ओहोटीसारखा गेला,
भरतीचं तेवढं विसरला.

बूट एलिएसेरने घालून पाहिले.
बरोबर बसले. घेऊन गेला.

ज्याला मी इतकी वर्षं संसार म्हणत होते
तो कुंपणाशी ताडपत्रीखाली मावला.
त्यावर कोंबड्या चढून बसल्या.

मुलगी फोनवर म्हणाली, पुएर्तो मोन्तला ये ना,
लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे.
बावन्नाव्या वर्षी कोण घर हलवतं, आई?
आणि कशासाठी?
इर्मिंडासाठी, मी म्हटलं.
ती गप्प. मग घाबरून: का, तिला काय झालं?
काही झालेलं नाही.

कसं सांगू तिला.
एकोणतीस वर्षं खाडीपलीकडे तिचा दिवा,
अलीकडे माझा. तिचा मालवला की
माझाही मी मालवत असे, उगाच.
भेट रविवारी, चर्चबाहेर, पंधरा मिनिटं:
बटाट्यावरची कीड, गुडघे, कोणाची सून.
मुद्द्यावर येतो न येतो तोच
होडीचा भोंगा.
असे पंधराशे भोंगे.
मला हाकेच्या अंतरावर राहायचं होतं,
बस, एवढंच.

शनिवारी घर हललं.
आधी कण्हलं, मग ओंडक्यांवरून चाललं,
बैलांच्या शेपट्यांकडे तोंड करून,
खिडक्यांत माझेच पडदे.
मागे राहिली फिकट चौकोनी जमीन,
इतक्या वर्षांत ऊन न पाहिलेली,
आणि तिच्यात एक चमचा.
तो हरवला म्हणून मी एकदा मुलीला मारलं होतं.
ती तेव्हा सहा वर्षांची.
चमचा मी एप्रनच्या खिशात टाकला.
रात्री फोन करायचा, ठरवलं.

मग पाण्यात पिंपं बांधून, दोन मोटारहोड्या लावून
ओढला माझा उंबरा खाडीतून.
सगळं नीट चाललं होतं,
फक्त पाणी आमच्यापेक्षा लवकर उतरलं.
काठापासून चाळीस पावलांवर
घर चिखलात बसलं, एका कुशीवर.
पुढच्या भरतीपर्यंत काही करता येणार नाही,
एलिएसेर म्हणाला, आणि सगळे जेवायला गेले.
जेवण अर्थातच माझ्याकडून,
रांधलेलं इर्मिंडाने.

मी घरातच थांबले. रिकाम्या खोलीत
माझाच खोकला मला परत ऐकू आला.
फोन केला. मुलगी म्हणाली, कुठला चमचा?
तिला आठवतच नव्हतं. मग म्हणाली,
थांब, आठवतंय.
आणि बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.
फोन मात्र कोणी ठेवला नाही.

अंधार पडल्यावर चिखल तुडवत इर्मिंडा आली,
स्कर्ट कमरेला खोचलेला,
एका हातात किटली, काखेत घोंगडी.
दारात उभी राहून म्हणाली,
काय गं, पाहुण्यांना बसायला खुर्चीही नाही?

उताराच्या बाजूला बसलो, भिंतीला पाठ टेकून.
एकच तुंबा, एकच नळी,
येर्बाचा कडू घोट तिचा, मग माझा, मग तिचा.
कलत्या घरातही तुंब्यातलं पाणी तेवढं सरळ होतं.

तर, ती म्हणाली,
त्या रविवारी मी काय सांगत होते,
आणि सवयीने दोघींनी कान टवकारले.
भोंगा वाजला नाही.

पहाटे चारला भरती आली,
घर हळूच उचललं गेलं,
बाहेरून एलिएसेर दोर घेऊन ओरडू लागला.
आम्ही अजून पहिल्याच गोष्टीत होतो.