दात कोरून

एम.ए. पुरातत्त्व, प्रथम श्रेणी.
अप्पा बळवंत चौकात लॅमिनेशन केलं, तीस रुपये.
दुकानदारानं कागद वाचला, उलटा करून पाहिला,
"म्हणजे नक्की काय करता तुम्ही?"
सुटे नव्हते त्याच्याकडे.
उत्तर नव्हतं माझ्याकडे.

दोन हिवाळे भीमेच्या काठी, पांढरीच्या टेकाडावर,
चर क्रमांक चार.
खापरं धुवायची, घरून आणलेल्या जुन्या टूथब्रशनं,
वाळवायची, आणि रंगांच्या पुस्तकातल्या
चौकोनांशी एकेक धरून ठरवायचं :
लाल, तांबूस लाल, मंद तांबूस तपकिरी.
सर म्हणायचे, सावलीत बघ,
उन्हात रंग खोटं बोलतो.
एकदा म्हणाले, नजर आहे तुला.

नजर बायोडेटात कुठल्या रकान्यात भरतात?

खराडीला सातव्या मजल्यावर
"संबंधित अनुभव किती?" असं विचारलं.
म्हटलं, अडीच हजार वर्षं.
कुणी हसलं नाही. एसी फार होता.
संग्रहालयात एक जागा, तीही अकरा महिन्यांची;
बाकावर माझ्या शेजारी पीएच.डी. झालेल्या बाई
डबा उघडून बसल्या होत्या, मला अर्धी पोळी दिली.
तन्वीर अत्तार, आमच्या बॅचचा पहिला,
विम्यासाठी ठोकलेल्या गाड्यांचे फोटो काढतो आता,
पोचा आलेल्या दाराशेजारी पट्टी ठेवून.
कंपनीनं सांगितलेलं नाही, सवय.

बाबा भोसरीहून दमून यायचे, काही बोलायचे नाहीत.
ते न बोलणं जेवायला आमच्यासोबत बसायचं.
आत्या बोलायची.
दात कोरून पोट भरत नाही बाई, म्हणायची,
आणि कुणाच्या डोक्यावर खापर फोडावं
ते शोधत घरभर नजर फिरवायची.
खापरं फोडत नसतात, आत्या, जोडायची असतात.
हे मनात.

मग आत्याचीच कवळी पडली, मोरीत, दोन तुकडे.
डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, ती घेऊन शुक्रवार पेठेत गेले,
जिन्याखालची लॅब, मेणाचा वास,
भिंतीवर जबडे ओळीनं, नावांच्या चिठ्ठ्या लावलेले.
खळदकर ट्यूबखाली एक दात
नमुन्यांच्या पट्टीशी धरून पुटपुटत होते,
ए-दोन की ए-तीन, ए-दोन की...
माझ्या तोंडून गेलं : ट्यूबखाली नको.
खिडकीशी घ्या. उजेड उत्तरेचा हवा.
ए-साडेतीन आहे तो.
त्यांनी नेऊन पाहिलं. बराच वेळ.
"कुठं शिकलात?"
खड्ड्यात, म्हटलं.

चार वर्षं झाली.
इथंही माती आणि भट्टी,
माती फक्त पांढरी, डबीतली, जर्मनीहून येणारी.
दाढेच्या घळी कोरते, कडा चाचपते नखानं.
पोट? भरतं.
दहा तारखेला, कधी बाराला.

म्हणजे डिग्री वाया गेली, असं परवा
एका लग्नात कुणी विचारलं. प्रश्नचिन्ह नव्हतंच त्यात.
मी जिलबी खात होते.
खरं सांगायचं तर
काही संध्याकाळी वाटतं, गेली.
बसमधून येरवड्याचा पूल लागला
की मी दुसऱ्या बाजूला बघते.

आणि काही सकाळी
नारायण पेठेतले लिमये येतात, वय एक्क्याऐंशी,
"इतके पांढरे नकोत हो, लोक ओळखतील.
साठ वर्षांचा चहा दिसू दे."
मी शून्य नंबरचा ब्रश घेते,
मुळाशी एक केसाएवढी तपकिरी रेघ.
मंद तांबूस तपकिरी.
सावलीत बघते.

काल सरांचा फोन होता.
डिसेंबरात येतेस? मानधन नाही, जेवण आहे.
खळदकरांना विचारलं.
चष्मा न काढता म्हणाले, सात दिवस.
आणि इथले ब्रश नेऊ नका.