शंभरात किती

लोलँड बेटावरचं एक गाव, भोवती बीटची शेतं.
मी दारोदार फिरत होते फॉर्म घेऊन.
प्रश्न क्रमांक अकरा:
इथल्या शंभरांतले किती जण बाहेरून आलेत?

बेकरीवाला आयनार पीठ झटकत म्हणाला, तीस.
मग काचेतून डोकावला.
म्हणाला, चाळीस लिहा.
बाहेर हाबतोम सायकलला कुलूप लावत होता.
एकटाच.

माझ्याकडच्या कागदावर आकडा होता सहा.
तो सांगायची मुभा नव्हती.

आठवडाभर राहिले तेव्हा ध्यानात आलं,
पहाटे पेपर टाकतो तो हाबतोम,
दुपारी वृद्धाश्रमाची भांडी विसळतो तो हाबतोम,
आणि संध्याकाळी केशरी जाकीट चढवून
चर्चच्या आवारातली पानं ओढतो, तोही हाबतोमच.
गाव माणसं नाही, जाकिटं मोजत होतं.
त्याची बायको बस स्टॉपवर एरिट्रियातल्या आईशी
ओरडून बोलते, फोन धड लागत नाही म्हणून.
तिचे एकटीचे दहा तरी धरले असतील.

करड्या कोटांतली, गप्प, गोरी माणसं
कुणाच्या खिजगणतीतच नव्हती.
स्वतःच्या घरातलं घड्याळ
कुठे ऐकू येतं कुणाला?

शेवटचं दार इंगेबोर्गचं. चाळीस वर्षं टपाल वाटलेलं.
तिने विचारही केला नाही. निम्मे, म्हणाली.
मी पेन टेकवलं, तशी तिने मला खिडकीशी नेलं.
ते निळं घर, मुलं कोपनहेगनला.
ते पलीकडचं, दोघंही चर्चमागे, शेजारी शेजारी.
ते कौलारू, जर्मन डॉक्टरचं, जुलैत पंधरा दिवस.
अठ्ठावीस पेट्यांत पत्रं टाकायचे गं या रस्त्यावर.
आता अकरा दिवे लागतात.

गेलेल्यांसाठी रकाना नव्हता माझ्या फॉर्मवर.

निघताना भिंतीवर एक फोटो दिसला,
डोक्याला रुमाल, हातात खुरपी, रांगेत मुली.
माझी पणजी, डावीकडून तिसरी, ती म्हणाली.
पोलंडहून आली बीट खुरपायला.
गावात बोंब झाली होती, अख्खं पोलंड उठून आलंय.
मी फोटोतल्या मुली मोजल्या.
नऊ.

बाहेर अंधारून आलं होतं.
वळणावर लाल हेल्मेट घातलेला कुणी
घंटी वाजवत अंगावरून गेला,
आणि माझ्या मनात आलं, हा आणखी एक.

पुढच्या दिव्याखाली त्याने मागे वळून हात केला.
हाबतोम.