ठिकाण या रकान्यात

परिपत्रक कन्नडात आलं, अकरा पानांचं.
मी मोठ्यानं वाचत मराठी करत गेले.
समोर एसडीएमसीचे चौघे, मास्क नाकाखाली,
आणि दाराशी मल्लव्वा, जिनं सहा महिने
तांदळातले सोंडकिडे निवडत
रिकाम्या शाळेची राखण केली.
पुनरारंभ. तापमान. अंतर.
हे शब्द दोन्हीकडं सारखेच,
त्यांचं मराठी करायचं कामच पडलं नाही.
मुखगवसु म्हणजे काय, ते मात्र भरमाण्णांना सांगावं लागलं.
त्यांनी हनुवटीवरचा वर ओढला
आणि बोलताना परत खाली घेतला.

टेप धरायला दस्तगीर मिस्त्री आले.
खोली वीस बाय अठरा, हवेशीर असावी (पान चार).
मुलामुलांत सहा फूट.
त्यांनी घमेलं पालथं घालून
त्याच्या कडेनं चुन्याचे गोल मारले.
बारा बसले. तेरावा उंबऱ्यावर येत होता.
पटावर एकतीस.
"काय मापूलासा बाई?" खिडकीतून पूर्वा,
"आमास्नी का बाकास्नी?"
हसली तेव्हा दिसलं,
मार्चनंतर तिचे पुढचे दोन्ही दात नवे आलेत.

ताप मोजायची बंदूक तीन शाळांत मिळून एक.
आमच्याकडं मंगळवार आणि शुक्रवार.
बाकीचे दिवस मी बघते की कपाळाला हात लावून,
मल्लव्वा म्हणाली.
पान सात: स्पर्श टाळावा.

अडचणी, या रकान्याला एका ओळीची जागा.
मी लिहिलं, नळाला पाणी दिवसाआड.
सातवीचा सुमंत रताळी काढायला जातो,
हजेरी दोनशे रुपये,
शाळा अर्धाच दिवस असेल तर बघू म्हणतो,
हे त्या ओळीत मावेना.

आणि एकतीसांतले चौघे वरच्या वाडीचे.
वाडी ओढ्यापलीकडं, म्हणजे चंदगड तालुका, म्हणजे महाराष्ट्र.
शाळा हीच जवळची,
त्यांचे आजेही इथंच पाटी फोडून गेले.
आता नाक्यावर बांबू आडवा. रिपोर्ट दाखवा.
दुसरीतल्या पोरानं कसला रिपोर्ट दाखवायचा,
त्याचं प्रगतिपुस्तकही माझ्याच कपाटात आहे.

बेळगावला फोन केला.
ती मुलं आमच्या जिल्ह्यात राहत नाहीत, म्हणाले.
कोल्हापूरला केला.
ती शाळा आमच्या जिल्ह्यात येत नाही, म्हणाले.
दोघंही अदबीनं बोलले.
दोघांच्याही मागं कुकरची शिट्टी होत होती.

याच हद्दीपायी माझ्या वडिलांनी लाठी खाल्ली,
पाठीवर वळ नव्हता उरला, पण जागा दाखवायचे.
इंचाइंचाचा हिशोब आम्हाला तोंडपाठ.
मुलं मोजायची वेळ आली
तर दोन्ही याद्यांत चार कमी.

ओढ्याच्या काठावर एक जांभूळ आहे.
मूळ कुठल्या राज्यात ते तलाठ्यालाही सांगता येणार नाही.
सकाळी त्याची सावली पलीकडं पडते,
तीन वाजल्यानंतर अलीकडं.
रविवारी मी तिथं जाऊन बसले, दिवसभर,
घड्याळ बघत. एक म्हैस आली नि गेली.
दुपारी साधारण बारा ते एक
सावली झाडाखालीच गोळा होऊन राहते,
तेव्हा डबा खाता येईल.

मग रकाने भरले.
वेळ: सकाळी दहा, विद्यार्थी चार.
वेळ: दुपारी तीन, विद्यार्थी बारा, पाळीपाळीनं.
ठिकाण: झाड.

सीआरपी मुगळखोड सर प्लॅन बघायला आले,
हात साबणानं धुऊन, कोपरानं दार ढकलून.
ओळीवर पेन ठेवत ठेवत खाली आले
आणि थांबले.
"याव गिडा री मेडम?"
कुठलं झाड, ते खिडकीतून दाखवलं.
नाक्याचा बांबू तिथून दिसतो,
खुर्चीत पेंगणारा पोलीसही.
ते बराच वेळ बघत राहिले.
चष्म्यावर वाफ आली, पुसली, परत बघितलं.
मग झाड या शब्दापुढं
बारीक कन्नड अक्षरात लिहिलं,
हवेशीर,
आणि पान उलटलं.