एक जानेवारी

हेळवाकच्या आरोग्य केंद्रात
संगणकावर पहिली यादी काढली
तर अर्धं गाव एकाच दिवशी जन्मलेलं निघालं:
एक जानेवारी.

चूक माझी. तारखेचा रकाना
रिकामा सोडता येत नव्हता,
मीच तसा बांधला होता.

झोरे सिस्टर वहीतून वाचत होत्या,
'भूकंपात रांगती होती.'
'धरणाचं पाणी पहिल्यांदा चढलं, त्या साली.'
'बेंदराच्या दुसऱ्या दिवशी. साल आईला ठाऊक,
आई गेली.'
म्हटलं, सिस्टर, आकडा सांगा.
म्हणाल्या, मग हे काय सांगतेय?

कराडला परतताना एसटीत
ती वही माझ्या मांडीवर.
समासात निळ्या पेन्सिलीने
कुणाचा नवरा गोळ्या फेकून देतो,
कुणाला दुपारनंतरच भेटायचं, सासू रानात असताना.
यासाठी माझ्याकडे रकानाच नव्हता.

पुढे पेपर झाले, पीएचडीची पोरं झाली,
जिनिव्हात वीस मिनिटं बोललो.
तिसऱ्या आवृत्तीत तारखेशेजारी
एक बारका चौकोन घातला: 'अंदाजे'.
त्यावर कुणीच काही लिहिलं नाही.

काल निवृत्त झालो. एकतीस मे.
कारण जन्म एक जूनचा,
मोरगिरीच्या शाळेत शेडगे गुरुजींनी
मला एकदा वरखाली बघून टाकलेला.
आई म्हणायची, तू नाचणी काढताना झालास.

म्हणजे पाचेक महिने निघतात अजून,
अंदाजे.

वही द्यायची राहूनच गेली आहे.